पहिल्या उकळीचं हाड

ती पहिल्यांदा त्याच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिच्या हातात हाड होतं.

दार उघडणारा माणूस उंच होता. इतका की माळ्यावरच्या उतरत्या छताखाली त्याला मान तिरकी करून उभं राहावं लागत होतं. कानाच्या पाळीवर पिवळा रंग वाळलेला, चष्म्याच्या एका काचेवर पांढरा ठिपका. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या ओल्या फडक्याकडे, आणि मग फडक्यातून जमिनीवर टपकणाऱ्या थेंबांकडे.

“माझ्याकडे कुत्रा नाहीये,” तो नम्रपणे म्हणाला.

“कुत्र्यासाठी नाही. तुमच्यासाठी आहे.”

“अच्छा…” तो विचारात पडला. “म्हणजे मी इतका वाळलेला दिसतो?”

तिला हसू आवरेना. उंबऱ्यावरच उभी राहून तिने त्याला घराची रीत समजावून सांगितली. तिचे बाबा कोपऱ्यावरच्या मांसाच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायचे. डुकराच्या मांडीला मीठ चोळायचं, धुरी द्यायची, हॅम तयार करायचा. आठवडाभर तो हॅम पातळ काप काढून विकला गेला की शनिवारी हाड उरायचं, आणि ते बाबा घरी आणायचे. रविवारी ते पाळीने फिरायचं. सकाळी तळमजल्यावर तिच्या पातेल्यात, घेवड्याबरोबर. दुपारी मधल्या मजल्यावर, शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाईंकडे. तिथून माळ्यावर, जो कोण भाडेकरू असेल त्याच्याकडे. हाड फडक्यात घट्ट बांधलेलं असायचं आणि फडक्यासकटच पातेल्यात जायचं, म्हणजे किरची दाताखाली येत नसत. मास्तरीणबाईंचे गुडघे दुखायचे, म्हणून मधल्या मजल्यावरून वर न्यायचं काम तिचंच.

“म्हणजे मी तिसरा,” तो म्हणाला.

“तुम्ही तिसरे. आधीचे भाडेकरू नाक मुरडायचे.”

“मी कशाला मुरडू? आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी घरपोच आलंय. पण ह्याचं करायचं काय?”

मग तिने तेही सांगितलं. पांढरा घेवडा रात्री भिजत घालायचा. सकाळी ते पाणी फेकून नव्या पाण्यात चढवायचा. आच मंद. कांदा, गाजर, मिरी, तमालपत्र काय हवं ते घाला, पण टोमॅटो आधी नको, आंबट पडलं की दाणा हटून बसतो, मऊच होत नाही. “आणि मीठ शेवटी. पण हात आखडायचा नाही. दोन घरं फिरून आलेलं हाड आहे, त्यात मीठ राहिलेलं नाही. आम्ही खाली मीठच घालत नाही, बाई चिमूटभर घालतात. तुम्हाला अर्धी मूठ लागेल.”

त्याने स्वतःचा हात उघडून पाहिला. तो हात चांगला सुपाएवढा होता. “माझी अर्धी मूठ की तुमची?”

“माझी.”

“मग पंचाईत आहे,” तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. “दर रविवारी तुम्हालाच यावं लागणार.”

जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण एकेक पायरी मुद्दाम सावकाश उतरतोय. आणि वरचं दार अजून लागलेलं नाही.

तो रंगारी होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मोठ्या भिंतींवर चित्रं काढायचा. सध्या बसस्थानकाच्या मागची लांबलचक भिंत त्याच्याकडे होती. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. तरी पुढच्याच आठवड्यात तो दुकानात हजर.

“काचेवरचा ठिपका निघत नाहीये.”

तिने चष्मा उजेडात धरला. “तुम्ही रंगारी ना? घरात टर्पेंटाइन नाही?”

“डबाभर आहे. पण टर्पेंटाइन गप्पा मारत नाही.”

मागे मालक उगाचच खोकले. तिने पुढ्यातला ट्रे सरळ केला, मग वाकडा केला. चष्म्याची एक दांडी सैल होती, ती घट्ट करायची तर चेहऱ्यावर बसवून पाहणं भाग होतं. रोज कितीतरी चेहऱ्यांवर ती चष्मे बसवायची, कधी बोटं अडखळली नव्हती. आज अडखळली.

“समोर बघा. माझ्याकडे नाही, त्या अक्षरांच्या तक्त्याकडे.”

“दिसत नाही.”

“कुठली ओळ दिसत नाही?”

“एकही नाही. मध्ये तुम्ही आहात.”

तिने चष्मा काढून घेतला आणि ठिपका पुसायला लागली. ठिपका एका फटक्यात निघाला. तरी ती बराच वेळ पुसत राहिली.

असे रविवार जात राहिले. हाड वर पोचायचं, त्याच्यामागून थोड्या गप्पा पोचायच्या. त्याच्या खोलीत छताला एक तिरपी खिडकी होती, तिच्यावर पावसाची टपटप सुरू झाली की दोघांनाही जरा मोठ्याने बोलावं लागायचं आणि त्यासाठी जरा जवळ उभं राहावं लागायचं. पातेल्यात घेवडा रटरटत असायचा. तिसऱ्या उकळीच्या हाडाला चव अशी नव्हतीच, नुसता हाडाचा मान. पण तो वाटी पुढे करून विचारायचा, “कसा झालाय?” आणि ती म्हणायची, “बरा झालाय.” चष्म्याच्या दुकानात ग्राहकांना ती इतक्या सहजपणे कधी खोटं सांगत नसे.

मग एका गुरुवारी ती कामावरून आली तेव्हा तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेला दिसला. दिवसभर पाऊस होता. भिंतीचं काम बंद. पण चेहरा पावसामुळे पडलेला नव्हता.

“ताई येतेय. रविवारी.”

“मग तोंड एवढंसं का? ताई आली की माणसं खूश होतात.”

“ती न्यायला येतेय मला.”

छत्री मिटायला तिला दोन प्रयत्न लागले. तिने ती कठड्याला टेकवली, ती घसरली, पुन्हा टेकवली.

“भाऊजींचं रंगाचं दुकान आहे,” तो सांगायला लागला. “मी गल्ल्यावर बसायचं. डबे विकायचे. ताईने माझा फोटो पाहिला आणि तिचा जीव खालीवर झाला. म्हणे, गालफडं बसलीत, तू उपाशी राहतोस. आईबाप गेल्यावर तिनेच वाढवलंय मला. तिला नाही म्हणायची मला सवयच नाही. शेवटी तिनेच अट घातली. स्वतःच्या हातचं एक वेळ धड जेवायला घाल. पोटाला नीट खातोस असं पटलं, तर राहा. नाहीतर सामान बांध.”

“आणि तुम्हाला…” तिने कठड्याकडे बघत विचारलं, “तुम्हाला जायचंय?”

“भिंत अर्धी व्हायचीय अजून.”

“तेवढंच?”

“आणि…” तो थांबला. “आणि घेवडा आता बरा जमायला लागलाय.”

दोघंही हसले. घेवड्याबद्दल दोघांपैकी कोणीच बोलत नव्हतं.

त्या रात्री तिने मनाशी हिशेब केला, आणि तो कुठूनही जुळेना. तिसऱ्या उकळीचं हाड, वर अर्धी मूठ मीठ आणि पाणी. ज्या ताईने त्याला लहानाचा मोठा केला, ती असलं जेवण जेवून म्हणणार, बांध सामान. आणि तो बांधणार.

शनिवारी बाबा हाड घेऊन आले. छान होतं, खाचाखोचांत मांस राहिलेलं, धुरीच्या वासाने स्वयंपाकघर भरून गेलं. रविवारी सकाळी तिने घेवडा चढवला, पण हाड त्यात टाकलं नाही. दुकानावर गर्दी होती म्हणून बाबा लवकर बाहेर पडले होते, तिच्या पथ्यावरच पडलं. तिने कांदा जास्त घातला, मिरी जास्त घातली. दुपारी मास्तरीणबाईंना वर जाऊन सांगितलं, “बाई, ह्या खेपेला हाड मिळालं नाही बाबांना.”

“इतक्या वर्षांत पहिल्यांदाच,” मास्तरीणबाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत म्हणाल्या. “डुकरं बिनहाडाची निघायला लागली की काय?”

हाड तिने नेहमीच्या फडक्यात नेहमीसारखं बांधलं. कोरडं फडकं पाहून त्याला शंका येईल म्हणून नळाखाली धरून चिंब भिजवलं. आपल्या हुशारीचं तिला स्वतःलाच कौतुक वाटलं. मग नेहमीच्या वेळी ती माळ्यावर गेली.

तो धुतलेला सदरा घालून उभा होता. कानामागचा रंगसुद्धा घासून काढलेला. टेबलावर दोन ताटल्या, मध्ये पावाची लादी.

“आणलंत? बरं झालं. मला वाटलं, आज नेमकं चुकणार.”

“मीठ…” ती म्हणाली.

“शेवटी. आणि हात आखडायचा नाही. तुमची अर्धी मूठ.” त्याने बोटं मिटून अचूक माप दाखवलं. “पाठ आहे मला.”

सांगायचं होतं ते एवढंच, की हे हाड पहिलं आहे, ह्याला मीठ लागणार नाही. पण ते सांगितलं तर तो विचारणार, का? स्वतःच्या घरचं पातेलं कोरडं ठेवून माझ्याकडे का? आणि त्या ‘का’ला तिच्याकडे उत्तर एकच होतं.

“चाखून बघा आधी…” ती पुटपुटली.

“काय म्हणालात?” खिडकीवर पाऊस वाजत होता.

“काही नाही. होईल छान.”

चाखेलच, तिने जिना उतरताना स्वतःची समजूत घातली. कोणीही माणूस चाखतोच. मधल्या मजल्यावर पोचेपर्यंत ती समजूत पातळ झाली होती.

संध्याकाळी बाबा आले, हातपाय धुऊन जेवायला बसले. एक चमचा तोंडात घातला. जन्मभर मिठात हात घालणाऱ्या माणसाची जीभ ती. त्यांनी चमचा खाली ठेवला.

“ह्याच्यात हाड नाही.”

“आहे की.”

“पोरी, ह्याच्यात हाड नाही आणि मीठही नाही. आणि येताना मास्तरीणबाईंनी मला खिडकीतून हाक मारून विचारलं, यंदा डुकरांना काय झालंय म्हणून. हाड गेलं कुठे?”

ती ताटलीकडे बघत राहिली. बाबांनी वर छताकडे पाहिलं. एक मजला, दोन मजले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला.

“वर? तसंच? न उकळता?”

“त्याची ताई आलीये बाबा. जेवण आवडलं नाही तर घेऊन जाणार आहे त्याला.”

“हं.” बाबांनी ताटली बाजूला सारली. आवाज आला तो अगदी मऊ. “आणि मीठ घालू नको, हे सांगितलंस त्याला?”

तिने मान हलवली. नाही.

“अगं मग पळ! मी येतो पातेलं घेऊन.”

ती जिन्यावरून अशी धावली की मधल्या मजल्याचं दार किलकिलं झालं.

माळ्यावर दोघं टेबलाशी बसले होते. ताई त्याच्या खांद्याएवढीही नव्हती, पण त्या खोलीत तीच उंच वाटत होती. तिच्या एका हातात चमचा होता, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला, आणि पेला रिकामा होता. तो मान खाली घालून खात होता. एकामागून एक चमचे, शिक्षा भोगल्यासारखे.

“छोट्या,” ताई म्हणत होती, “हे तू रोज खातोस?”

“रोज नाही ताई. रविवारी. मग उरलेलं बुधवारपर्यंत.”

“आणि तरी जिवंत आहेस.”

“मिठाची चूक माझी आहे!” ती दारातूनच म्हणाली.

ताईने वळून पाहिलं. “ही कोण?”

“ही… खाली राहते.”

“खाली राहते ते कळलं, धापा टाकतेय. कोण आहे ते विचारलं मी.”

मग तीच बोलत सुटली. हाडाची पाळी, पहिलं पातेलं, दुसरं पातेलं, तिसऱ्याचं मीठ, ओलं फडकं. ताईने सगळं ऐकून घेतलं. शेवटी फक्त म्हणाली, “म्हणजे तू आपल्या बापाच्या ताटातली चव काढून माझ्या भावाच्या पातेल्यात घातलीस.”

“हो.”

“ते का?”

तो चमचा हातात धरून तिच्याकडे बघत होता, पापणीही न लववता. ती काय बोलली असती कोण जाणे, पण तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि बाबा पातेलं घेऊन आत आले. मागून मास्तरीणबाई, गुडघे धरत, हातात स्वतःची वाटी.

“नमस्कार,” बाबा ताईला म्हणाले. “आमच्याकडे मीठ कमी पडलंय, तुमच्याकडे जास्त झालंय. एकत्र करू या का?”

कोणाच्या होकाराची वाट न बघता मास्तरीणबाईंनी पळी उचलली. अर्धं ह्यातलं, अर्धं त्यातलं, पुन्हा मंद आचेवर. धुरीचा वास आता कुठे मोकळा झाला. पाव मोडला गेला. पाच माणसं आणि खुर्च्या दोन. बाबा रंगाच्या डब्यावर बसले, ती पेटीवर, तो उभाच, मान तिरकी करून. कोणी बोलेना, कारण बोलायला तोंड रिकामं नव्हतं. मास्तरीणबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि पहिल्या उकळीचं हाड असं लागतं होय, असं तळमजल्यावरच्या बापलेकीकडे रोखून बघत म्हणाल्या.

ताईने ताटली पावाने पुसून स्वच्छ केली.

“चव छान आहे,” ती म्हणाली. त्याचा चेहरा उजळला. “पण हे तू केलेलं नाहीस, छोट्या. अर्धं तिने केलंय, चूक शेजाऱ्यांनी निस्तरलीय. तू एकट्याने केलंस ते माझ्या घशात अजून टोचतंय. अट म्हणजे अट. सकाळची गाडी आहे, सामान बांध.”

पेटीवर बसल्या बसल्या तिने मांडीवरची ताटली घट्ट धरली. बाबांनी नुसता घसा खाकरला. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट.

“नाही,” तो म्हणाला.

ताईला ऐकूच आलं नाही. हा शब्द तिने ह्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता. “काय?”

“नाही ताई. मी येत नाही.” त्याचे कान लालभडक झाले होते, आवाज मात्र हलला नाही. “जेवण खारट झालं, ते माझंच चुकलं. अजून पुष्कळदा चुकेल. तू म्हणशील तेव्हा येऊन तुला भेटून जाईन. पण राहणार इथे.”

“भिंतीसाठी?”

“भिंत काय, महिन्याभरात संपेल.”

ताईने भावाकडे पाहिलं. मग पेटीवर बसलेल्या मुलीकडे, जिने श्वाससुद्धा धरून ठेवला होता. मग पुन्हा भावाकडे. बराच वेळ. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की काय, हे सांगता येत नाही, कारण तिने चटकन पाण्याच्या मडक्यात डोकावून पाहिलं.

“घसा कोरडा पडलाय माझा,” ती म्हणाली. “पाणी संपलंय इथलं. जा, बादली भरून आण.” तो दाराकडे निघाला. “एकटा कुठे चाललास? बादली जड असते. हिलाही ने.”

नळ मधल्या मजल्याच्या वळणावर होता. पावसाळी संध्याकाळचा थोडा उजेड जिन्याच्या खिडकीतून आत येत होता. त्याने बादली खाली ठेवली, नळ सोडला. दोघंही पाण्याच्या धारेकडे बघत उभे राहिले, जणू धार कुठे वाकडी तर जात नाही ना, हे बघायला आले होते.

“मी चाखलं होतं,” तो म्हणाला.

“काय?”

“मीठ घातल्यावर. ताई यायच्या आधी. पहिल्याच चमच्याला कळलं, हाड पहिलं आहे. एवढे रविवार तिसरं खातोय मी. मला कळणार नाही?”

“मग टाकून का नाही दिलंत? दुसरं काही करायचं. अंडी तरी…”

“दोन बटाटे टाकून पाहिले, तेही खारट झाले. मग पातेलं घेऊन मोरीपर्यंत गेलो.” तो थांबला. “पण कोणीतरी स्वतःच्या घरचं काढून माझ्यासाठी… ते मोरीत कसं ओतायचं? हात उचलेना.”

बादली निम्मी भरली होती.

“मी सांगणार होते,” ती म्हणाली. “चाखून बघा, असं म्हणालेही होते.”

“फार हळू म्हणालात.”

“मोठ्याने म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.”

“मग आता सांगा. ताईला सांगितलं नाहीत, मला तरी सांगा.”

“तुम्ही जाऊ नये म्हणून.”

“एवढंच?”

“एवढंच काय!” ती एकदम उसळली. “बाबांशी खोटं बोलले. बाईंशी खोटं बोलले. घरचा घेवडा बिनहाडाचा केला. आणि तुम्ही म्हणता एवढंच?”

“तेच तर विचारतोय. एवढं सगळं… कशासाठी?”

ती नळाकडे बघत म्हणाली, “कारण मला तुम्ही आवडता. झालं समाधान?”

शब्द जिन्यात घुमले. वर कुठेतरी पळी पातेल्यावर आपटली आणि चिडीचूप झालं.

“आता मोठ्याने म्हणालीस,” तो हळूच म्हणाला. पहिल्यांदाच ‘तू’. “आणि मला वाटत होतं, आपण तिसरे. आपल्यापर्यंत काय पोचणार…”

तिने वर पाहिलं. मध्ये तक्ता नव्हता, काउंटर नव्हता, आणि त्याच्या डोळ्यांवरचा चष्मा पाण्याच्या तुषारांनी भरला होता. तिने तो अलगद काढला आणि ओढणीच्या टोकाने पुसायला लागली. तो तसाच उभा राहिला, काही न दिसता, हसत.

बादली केव्हाच भरली होती. पाणी काठावरून वाहत दोघांच्या पायांवर आलं, पायरीवरून खाली उतरायला लागलं.

“पाणी आणताय की विहीर खणताय?” वरून ताईचा आवाज आला.

“खणू द्या हो,” मास्तरीणबाईंचा आवाज. “मला नाही तहान.”

“मला आहे!” बाबा ओरडले.

नळ बंद करायला दोघांनी एकदमच हात पुढे केला. हात हातावर पडला, आणि नळ चालूच राहिला.